चाक हवेत, गाडी जागेवर: लॉकर आधी की गिअर रेशो?

ताम्हिणीच्या अलीकडे एका ओढ्यात माझी जिप्सी अडकली होती. जून संपत आला होता. ओढ्याला घोट्याएवढंच पाणी, पण तळाला गोटे आणि मधोमध एक आडवा चर. मागचं डावं चाक त्या चरावर लोंबकळत गरागरा फिरत होतं. मागचं उजवं घट्ट मुरमावर टेकलेलं, आणि तेच ढिम्म. फोर-व्हील टाकलेली होती, तरी पुढचं एक चाक नुसता चिखल उडवत होतं आणि त्याचा जोडीदार गप्प. काठावर म्हशी घेऊन बसलेले एक मामा बराच वेळ हा तमाशा बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "दादा, जे चाक जमिनीला लागलंय तेच बसून राहिलंय की! अन् ज्याला जमीन नाही ते पळतंय. असं कसं?"

गाडीवर हजारो रुपये उधळणाऱ्या माझ्या मित्रांपैकी कुणी हा प्रश्न इतका नेमका विचारलेला नाही. दोराने गाडी बाहेर निघाल्यावर मी मामांना मळणीची आठवण करून दिली. खळ्यावर तिवड्याभोवती बैलांची पात फिरते तेव्हा तिवड्याजवळचा बैल जवळजवळ जागच्या जागी पावलं टाकतो आणि कडेच्या बैलाची चालून चालून दमछाक होते. वळणाऱ्या गाडीच्या चाकांचंही हेच. दोन चाकांमधलं अंतर 1.3 मीटर धरा. गाडीने एक पूर्ण गोल घेतला की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे 8.2 मीटर जास्त चालतं. गंमत म्हणजे गोल लहान असो की मोठा, फरक तेवढाच. चौकात काटकोनात वळलात तरी दोन मीटरचा फरक पडतोच. दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर पक्की बसवली तर त्या दोन मीटरांत एक टायर रस्त्यावर घासत, किंचाळत जाणार. ही अडचण मोटारीपेक्षा जुनी आहे. ओनेसिफोर पेक्योर नावाच्या फ्रेंच घड्याळजीने तिच्यावर उपाय काढला तो 1820 च्या दशकाच्या अखेरीस, वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी.

तो उपाय म्हणजे डिफरन्शियल. प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला एक छोटं पिनियन असतं, ते मोठ्या क्राऊनला फिरवतं. क्राऊनला एक पिंजरा बोल्टने आवळलेला असतो. पिंजऱ्याच्या मधोमध छोटे स्टार गिअर, त्यांच्या दोन्ही अंगांना सन गिअर, आणि प्रत्येक सन गिअरमधून एकेक एक्सल शाफ्ट आपापल्या चाकाकडे जातो. सरळ रस्त्यावर स्टार गिअर पिंजऱ्याबरोबर नुसते गिरक्या घेतात. वळण आलं की ते स्वतःभोवतीही फिरू लागतात, आणि एका चाकाचा वेग जेवढा घटतो तेवढाच दुसऱ्याचा वाढतो.

इथपर्यंत सगळं छान. खोड पुढे आहे. स्टार गिअर म्हणजे कावड आहे असं समजा. खांद्यावरच्या कावडीत एका बाजूला जेवढं वजन, तेवढंच दुसऱ्या बाजूला पेलता येतं. एक घागर काढून घेतली की दुसरी भरलेली घागर धरून ठेवायला काहीच उरत नाही, कावड उलटते. डिफरन्शियल दोन्ही चाकांना नेहमी सारखाच पीळ, म्हणजे फिरवायचा जोर, देतं, आणि तो किती हे ठरवतं ते दोघांमधलं कमजोर चाक. हवेतल्या चाकाला फिरायला 50 न्यूटन-मीटर पुरत असतील तर मुरमावर टेकलेल्या चाकालाही 50 च मिळणार. त्याला गाडी हलवायला 600 हवे असतील, इंजिनमध्ये ते असतीलही. पण मिळणार नाहीत.

आता फोर-व्हीलचं कोडंही सुटतं. जिप्सी, जिमनी, थार, गुरखा यांसारख्या गाड्यांत फोर-व्हीलचा लिव्हर टाकला की ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकमेकांना जोडते. पण पुढे एक आणि मागे एक अशी दोन डिफरन्शियल तशीच मोकळी असतात. गाडी चरात तिरकी गेली, पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक उचललं गेलं, की चारही चाकांची म्हणवणारी गाडी दोन हवेतली चाकं फिरवत बसते. त्या दिवशी माझं जवळपास तेच झालं होतं, फक्त पुढचं चाक हवेऐवजी चिखलात होतं.

लॉकर म्हणजे काय

लॉकरचं काम एका वाक्यात: सन गिअर पिंजऱ्यालाच अडकवून टाकायचा. मग स्टार गिअर फिरूच शकत नाहीत, दोन्ही एक्सल शाफ्ट एकसंध दांडा होतात आणि टेकलेलं चाक जेवढा पीळ घेऊ शकेल तेवढा त्याला मिळतो. कावड काढून तिथे पहार ठेवल्यासारखं. हे कसं आणि केव्हा अडकवायचं, यावर लॉकरचे प्रकार पडतात.

आपण बटण किंवा लिव्हर वापरून लावतो ते लॉकर मला सर्वांत आवडतात, कारण नको असतील तेव्हा ते नसल्यासारखे असतात. मेलबर्नच्या एआरबीचा एअर लॉकर यातला सगळ्यांत प्रसिद्ध. 1987 मध्ये या कंपनीने रॉबर्ट्स नावाचा डिफ लॉक विकत घेतला आणि पुढे त्याचाच एअर लॉकर झाला. छोट्या कॉम्प्रेसरची हवा बारीक नळीने हाउसिंगमध्ये, म्हणजे डिफरन्शियलच्या बाहेरच्या कवचात, जाते आणि एक दातेरी कडं सरकवून लॉक लावते. विजेवर लागणारेही असतात. टोयोटा हायलक्सला मागे असा लॉक कंपनीकडूनच मिळतो, थार रॉक्सच्या फोर-व्हील मॉडेलांनाही. आणि आपल्या आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची गुरखा! तिला पुढे आणि मागे दोन्हीकडे लॉक, तेही सरळसोट लिव्हरचे. लोक जे बसवायला महिनोन्महिने पार्सलची वाट बघतात ते या गाडीत शोरूममधूनच येतं. तरी पार्किंगमध्ये तिच्याकडे बघून नाकं मुरडणारे आहेत. असोत.

दुसरा प्रकार आपोआप लागणारा. अमेरिकन डेट्रॉइट लॉकर त्यातला म्हातारा. तो मुळातच लॉक असतो आणि वळताना बाहेरच्या चाकाला पुढे पळू देतो, सायकलच्या फ्रीव्हीलसारखा. चौकात वळताना टकटक आवाज येतो, आणि कधी कधी तो मध्येच ठाक्कन लागतो तेव्हा गाडीला हिसका बसतो. लांब, जड गाडीत हे चालून जातं. जिप्सीसारख्या आखूड आणि हलक्या गाडीत, पावसाळी घाटात, अर्ध्या वळणावर तो हिसका बसला की पोटात गोळा येतो. मागे आपोआप लॉकर लावलेली एक जिप्सी मी वरंध घाटात ओल्या रस्त्यावर चालवली आहे, आणि परतताना चावी मालकाच्या हातात दिली.

याच जातीतला स्वस्त भाऊ म्हणजे लंचबॉक्स लॉकर. जुन्या पिंजऱ्यातले सन-स्टार काढून त्यांच्या जागी दातेरी तुकडे बसवायचे. क्राऊन-पिनियनची मूळ सेटिंग हलवावी लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. तो का मोठा ते पुढे कळेल. पण पिंजरा जुनाच राहतो, म्हणजे ताकदही जुन्या पिंजऱ्याएवढीच.

2015 च्या थारला आणि 2020 च्या थारच्या काही मॉडेलांना मागे ईटन कंपनीचा यांत्रिक लॉक होता. दोन मागच्या चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण 100 फेऱ्यांचा फरक पडला की आतली छोटी वजनं बाहेर फेकली जातात आणि लॉक लागतो. ताशी 30 किलोमीटरच्या आसपास वेग गेला की तो लागतच नाही, त्यामुळे रस्त्यावर त्रास नाही. फक्त त्याला आधी चाक फिरताना दिसावं लागतं. दगडावर इंच-इंच चढायचं असेल तेव्हा चाक आधी घसरणार, मग लॉक लागणार, हे दोन क्षण जिवावर येतात.

जिमनीत आणि हल्लीच्या थारमध्ये ब्रेकची युक्ती आहे. फिरणाऱ्या चाकाला कॉम्प्युटर ब्रेक लावतो, मग कावडीच्या रिकाम्या बाजूला खोटं वजन येतं आणि दुसऱ्या बाजूलाही तेवढंच मिळतं. युक्ती हुशार आहे. नवख्या माणसाने पाय न काढता अ‍ॅक्सिलरेटर स्थिर धरला तर ती बरंच काम करते. पण इंजिनची अर्धी ताकद ब्रेकच्या उष्णतेत जाते, आणि लांबलचक चिखलात ती दमते. लिमिटेड स्लिप म्हणजे एलएसडी, दोन चाकांच्या वेगात थोडाच फरक पडू देणारं डिफरन्शियल. त्याबद्दल फार बोलत नाही. चिखलात आणि खडीवर ते बरं, चाक पूर्ण हवेत गेलं की त्याचा धीर सुटतो. तेव्हा डाव्या पायाने हलकासा ब्रेक दाबून त्याला फसवता येतं.

लॉकर लावल्यावर काय बिघडतं, हे विकणारा सांगत नाही. मागचा लॉक लागलेला असताना गाडी वळायला कुरकुरते. पुढचा लागलेला असताना स्टिअरिंग दगडासारखं होतं आणि गाडी नांगरासारखी सरळच ओढते. सगळ्यात धोका आडव्या उतारावर. डोंगराच्या अंगावरून ओल्या लाल मातीत गाडी आडवी जात असेल तर मोकळ्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरतं आणि दुसरं शांतपणे गाडी धरून ठेवतं. लॉक असेल तर दोन्ही चाकं एकदम घसरतात, आणि गाडीची मागची बाजू दरीकडे सरकू लागते. गोव्यात 2014 पासून भर पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफ-रोड स्पर्धेतला जांभ्याचा चिखल ज्यांनी पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथे लॉक लावायचा कधी यापेक्षा काढायचा कधी, हे जास्त कळावं लागतं.

आता दुसरं दुखणं: इंजिन दमतं

चाक हवेत जाणं हे एक दुखणं. चारही चाकं टेकलेली आहेत, पकड आहे, पण चढावर इंजिन गळपटतं, क्लच जळल्याचा वास येतो, गाडी दगडावर हळू चढायच्या ऐवजी उड्या मारत चढते, हे अगदी दुसरं. यावर लॉकर काही करू शकत नाही. इथे गिअर रेशो लागतो. पुष्कळ लोक दुसऱ्या दुखण्यावर पहिल्याचं औषध घेऊन येतात.

रेशो म्हणजे क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात. 41 ला 11 ने भागलं की 3.727. म्हणजे प्रोपेलर शाफ्ट पावणेचार वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. आकडा जितका मोठा तितकी गाडी सावकाश आणि जोरकस. महिंद्राने ज्या सीजे-3बीवरून आपल्याकडे जीपा बनवल्या तिचा रेशो 43 भागिले 8, म्हणजे 5.38 होता. जुनी जीप एवढ्याशा इंजिनावर ट्रॉली ओढत डोंगर कशी चढायची, त्याचं अर्धं उत्तर या 8 दातांत आहे. आणि ती ताशी 70 ला रडायची का, त्याचंही.

स्वतःच्या गाडीचा रेशो कागदावर सापडत नसेल तर घरीच मोजता येतो. पुढच्या चाकांना दगड लावा, टू-व्हील ठेवा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडा, आणि मागचं एकच चाक जॅकने उचला. प्रोपेलर शाफ्टवर खडूने खूण करा. उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेऱ्या फिरवा आणि शाफ्ट किती वेळा फिरला ते कुणाला तरी बाजूने मोजायला सांगा. गाडीखाली कुणी जायचं नाही. शाफ्टच्या पावणेचार फेऱ्या झाल्या तर रेशो 3.7 च्या आसपास. दोनच फेऱ्या का? कारण एक चाक दोनदा फिरलं, दुसरं जमिनीवर शून्य. दोघांची सरासरी एक. डिफरन्शियल कसं चालतं हे मला पुस्तकापेक्षा या खडूच्या रेघेने जास्त कळलं.

आता आकडे. जिप्सीचा परदेशातला सख्खा भाऊ सुझुकी सामुराई घेतो. पहिला गिअर 3.652, ट्रान्सफर केसचा लो, म्हणजे सावकाश चालीचा गिअर, 2.268, डिफरन्शियल 3.727. तिघांचा गुणाकार सुमारे 30.9. म्हणजे लो-पहिल्यात इंजिन 31 वेळा फिरलं की चाक एकदा फिरतं. याला क्रॉल रेशो म्हणतात. मूळ टायरची उंची साधारण 668 मिलिमीटर, म्हणजे एका फेरीत 2.1 मीटर. इंजिन 800 फेऱ्यांवर नुसतं गुरगुरत असताना गाडी ताशी 3.3 किलोमीटरने सरकते, आपल्या रमतगमत चालण्याइतकं. तीच गाडी 31 इंची टायरवर चढवा. वेग ताशी 3.8 किलोमीटर होतो आणि चाकाचा जोर 15 टक्क्यांनी कमी. ज्या माणसाने दगड चढायला म्हणून मोठे टायर घेतले, त्याने गाडी दगडासाठी कमजोर केली. वर स्पीडोमीटर खोटं बोलू लागतो: काटा 80 वर, प्रत्यक्षात 94.

म्हणून पहिला हिशेब टायरचा. नवीन टायरची उंची भागिले जुन्याची, गुणिले जुना रेशो. 31 भागिले 26.3 गुणिले 3.727, उत्तर 4.39. एवढा रेशो घातला तर गाडी पुन्हा पहिल्यासारखी वागेल. बाजारात नेमका तेवढा मिळत नाही, मग जवळचा वरचा घ्यावा. छोटं पेट्रोल इंजिन असेल तर नक्कीच वरचा. जिप्सीच्या 1.3 लिटर इंजिनला 103 न्यूटन-मीटर मिळतात, तेही 4500 फेऱ्यांवर. नव्या डिझेल थारला 1600 वरच 300 मिळतात. थारवाल्याला मूळ रेशोवर भागवता येतं, जिप्सीवाल्याला ते जमत नाही. उतरतानाही तेच. घाटात लो-पहिल्यात इंजिनच गाडी धरून ठेवतं, आणि रेशो जितका खोल तितका ब्रेकवरचा पाय हलका.

पण रेशो अंगाबाहेर वाढवण्यालाही किंमत आहे. क्राऊनचा आकार हाउसिंग ठरवतं, तो वाढवता येत नाही. आकडा वाढवायचा तर पिनियनच लहान करावं लागतं, आणि लहान पिनियनचे कमी दात एका वेळी क्राऊनला भिडतात. नाजूक होतं. शिवाय एक्स्प्रेसवेवर इंजिन कायम ओरडत राहतं. काही एक्सलमध्ये ठरावीक आकड्यापुढे पिंजराही बदलावा लागतो. जीपांच्या डाना 44 नावाच्या एक्सलमध्ये 3.73 पर्यंत एक पिंजरा आणि 3.92 पासून दुसरा. चुकीच्या पिंजऱ्यासाठी लॉकर मागवला तर तो शोकेसमध्येच शोभतो.

आणि पुढचा-मागचा रेशो सारखाच हवा. फोर-व्हीलमध्ये दोन्ही प्रोपेलर शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. पुढे 4.3 आणि मागे 3.7 ठेवलं तर दोन एक्सल एकमेकांशी भांडतील आणि ट्रान्सफर केस मधल्या मध्ये मरेल. 4.10 आणि 4.11 इतका फरक खपतो, त्याच्या पलीकडे नाही. म्हणजे रेशो बदलायचा तर खर्च दुप्पट, दोन्ही हाउसिंग उघडायची.

इथे सुझुकीवाल्यांना एक पळवाट आहे, आणि मला ती फार आवडते. सामुराई-जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी, सुटी बसवलेली असते. तिच्यातले गिअर बदलून लो 2.268 ऐवजी 4.16 करणारे संच मिळतात. गुणाकार 30.9 वरून 56.6 वर जातो, मूळ टायरवर तोच गुरगुरता वेग ताशी 1.8 किलोमीटर होतो. मुंगीच्या पावलाने दगडावर टायर ठेवता येतो. एकच डबा उघडायचा, दोन्ही डिफरन्शियल शाबूत. जीप रँग्लर रुबिकॉन, जिची जुळणी 2021 पासून आपल्याच रांजणगावात झाली, तीही याच विचाराची: डिफरन्शियल 4.10, पण ट्रान्सफर केसचा लो थेट 4. ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह तिचा गुणाकार 77 वर जातो, आणि वर दोन्हीकडे लॉकर.

दोन्हींचं ओझं एकाच शाफ्टवर

लॉकर आणि रेशो वेगवेगळी औषधं असली तरी दोन्हींचा भार सोसतो तो एकच बिचारा: एक्सल शाफ्ट. इंजिनचे 100 न्यूटन-मीटर धरा. मूळ गाडीत लो-पहिल्यात एकूण 3090 होतात. पुढे-मागे निम्मे गेले तर मागच्या एक्सलला 1545, मोकळ्या डिफरन्शियलमध्ये प्रत्येक शाफ्टला 770 च्या आसपास. मागे लॉकर लावला आणि एक चाक हवेत गेलं, की ते 1545 एकट्या शाफ्टवर. त्याच गाडीत 4.16 चा संच घातला की 2830. पुढची चाकंही चिखलात फसली असतील तर त्याहून पुष्कळ जास्त. मोकळं डिफरन्शियल पीळ सोडून देत होतं, त्यात शाफ्टचा विमाही होता. मोठा टायर, खोल रेशो आणि लॉकर ही त्रयी एकत्र आली की शाफ्ट तुटल्याचे फोटो ग्रुपवर येऊ लागतात. पुढच्या एक्सलला तर आणखी वाईट: चाक पूर्ण वळवलेलं असताना स्टिअरिंग नकलमधला, म्हणजे चाक जिथे वळतं तिथला, गोळ्यांचा जॉइंट आधीच अवघड कोनात असतो, त्यात लॉक लावून अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तोच पहिला फुटतो. पुढच्या लॉकला नियम एकच: स्टिअरिंग सरळ, पाय हलका, काम झालं की लगेच बंद.

बसवणारा कोण, हेही भागांइतकंच महत्त्वाचं. पिनियन किती खोल बसतं ते हाउसिंगमधल्या शिमवर ठरतं, कागदाएवढ्या पातळ पत्र्याच्या कड्यांवर. क्राऊन आणि पिनियनच्या दातांमध्ये मोकळीक ठेवावी लागते, बहुतेक गाड्यांत मिलिमीटरच्या दोन दशांशाच्या आत-बाहेर. ती डायल गेजने मोजतात. मग दातांना पिवळा रंग लावून क्राऊन फिरवायचा आणि पिनियनने रंग कुठे पुसला ते बघायचं. डाग दाताच्या मधोमध, लांबट-गोल आला पाहिजे. कडेला किंवा टोकाला आला की पुन्हा सगळं उघडा, शिम बदला, पुन्हा रंग. चांगला मिस्त्री एका हाउसिंगवर हे चार-पाच वेळा करतो आणि चहासुद्धा तिथेच पितो.

मी पहिल्या वेळी क्राऊन-पिनियन बसवून घेताना घाई केली. ज्या गॅरेजमध्ये दिलं तिथे डायल गेज नव्हता. मिस्त्रीने फ्लँज हाताने हलवून "बरोबर आहे" असं सांगितलं आणि मी मान डोलावली. ताशी 55 ला गाडी बारीक सुरात गाऊ लागली. सोडलं की थांबायची, दाबलं की पुन्हा सूर. नऊशे किलोमीटरवर तेल सोडलं तर त्यात दाताची एक चकचकीत कपची निघाली, नखाएवढी. नवीन क्राऊन-पिनियन गेलं ते गेलं. म्हणूनच वर म्हटलं की लंचबॉक्स लॉकरला सेटिंग हलवावी लागत नाही हा मोठा फायदा आहे. उलट एअर लॉकरसारखा पूर्ण पिंजरा बदलणारा लॉकर घ्यायचा असेल आणि रेशोही बदलायचा असेल, तर दोन्ही एकाच वेळी करा. ही सगळी रंग-शिमची मजुरी एकदाच द्यावी लागते.

मला कुणी विचारलं तर मी आधी टायरचा आकार कायमचा ठरवायला सांगतो आणि तोही मूळच्या जवळचाच. मोटर वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे मूळ रचनेत मनाजोगते बदल करता येत नाहीत, आणि विमावाला दावा नाकारायला निमित्तच शोधत असतो. मग खडकाळ वाटेवर शिरताना टायरची हवा 16-18 पीएसआयपर्यंत उतरवायला सांगतो; त्याला पैसे लागत नाहीत, परतताना भरायला छोटा पंप तेवढा हवा. एवढ्याने निम्म्या लोकांची लॉकरची गरज संपते. त्यानंतरही गाडी अडकत असेल तर कशी अडकते ते बघायचं. चाक फिरत असताना अडकत असेल तर मागे लॉकर, शक्यतो आपल्या हाताने लावायचा. चाक न फिरता इंजिन बंद पडत असेल तर रेशो. वाळवंट-समुद्रकिनाऱ्यावर जाणाऱ्याला खोल रेशो नको, तिथे चाकाला वेग लागतो. सह्याद्रीतल्या गोट्यांवर आणि ओढ्यांत फिरणाऱ्याला मात्र मी लॉकरच्या आधी खोल लो-गिअर घ्यायला सांगेन. गाडी पुरेशी हळू गेली की चाक चरावर कुठे ठेवायचं हे निवडायला वेळ मिळतो, आणि पुष्कळदा ते हवेत जातच नाही. पुढचा लॉकर सर्वांत शेवटी, तोही शाफ्ट आणि जॉइंट मजबूत केल्यावर.

माझ्या जिप्सीत आता मागे हवेचा लॉकर आणि ट्रान्सफर केसमध्ये 4.16 आहे. पुढचं डिफरन्शियल मोकळंच. नवीन क्राऊन-पिनियन बसवल्यावर पहिले काही दिवस वीस-पंचवीस मिनिटांवर गाडी चालवायची नाही, थांबून हाउसिंग गार होऊ द्यायचं, ओढकाम तर अजिबात नाही. आठशे किलोमीटरवर तेल बदलायचं. तेल सोडलं की ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लोण्यासारखा थर सापडेल. तो दोन बोटांत चोळून बघा. मऊ लागला तर प्लग पुसून लावा आणि नवीन तेल भरा. बोटाला कणी टोचली तर तेल भरू नका, झाकण उघडा.